सूचकाचं नाव

“भाऊसाहेब, सूचक म्हणून माझं नाव लिहा,” असं म्हणत संगीताताईंनी हातातली कापडी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. राख पडली. राखेत चपलेच्या तळव्याचा अर्धा जळलेला निळा तुकडा होता. त्याच्यावरचा नऊ नंबर अजून वाचता येत होता.

दोन ऑक्टोबरची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात चालली होती. एरवी निम्मी माणसं हजेरीवर सही करतात आणि ‘जरा आलोच’ म्हणून जी जातात ती पुढच्या सभेलाच उगवतात. त्या दिवशी कुणी जागचं हललं नाही.

मी ग्रामसेवक. आता निवृत्त. मूळचा शिरूर तालुक्यातल्या केंदूरचा, पण नोकरीची शेवटची वर्षं दौंड तालुक्यात, भीमेकाठच्या एका गावात काढली. गावाचं नाव सांगत नाही. तसली गावं तिकडं एक सोडून दहा आहेत. ग्रामसेवकाला गावात नाव नसतं. तो आला की भाऊसाहेब आणि बदलून गेला की ‘ते मागचे भाऊसाहेब’.

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ग्रामसभेत ठराव झाला की तो प्रोसिडिंग बुकात लिहायचा. खाली दोन नावं टाकायची. सूचक म्हणजे ज्यानं विषय मांडला तो, आणि अनुमोदक म्हणजे ज्यानं त्याला दुजोरा दिला तो. कागदावर असं आहे. प्रत्यक्षात आम्ही सभेत कच्च्या वहीत खरडतो, पक्क्या बुकात दोन दिवसांनी उतरवतो, आणि ही नावं तेव्हा आमच्या मनानं टाकतो. ज्याला मान द्यायचा तो सूचक, ज्याचा रुसवा काढायचा तो अनुमोदक. लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’ खाली नावं टाकतात ना, तसं. बोललं कोण, हे कुणी विचारत नाही. हे चूक आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं, आणि आम्ही सगळे ते करतो.

आता गुऱ्हाळाचं. दौंडकडं गुऱ्हाळं फार. ऊस गाळायचा, रस मोठ्या कढईत आटवायचा, त्याचा गूळ करायचा. कढईखालच्या भट्टीला चुलाण म्हणतात. पूर्वी चुलाणात उसाचं चिपाड जळायचं. पुढं चिपाड पुरेना, पावसाळ्यात वाळेना. मग ट्रकनं भंगार यायला लागलं. चपलांची कात्रणं, रबर, प्लास्टिक, हाताला लागेल ते. धग जबरदस्त. धूर मात्र काळाकुट्ट आणि जड, वर जायच्या ऐवजी खाली येऊन बसणारा.

आमच्या गावात असली दोन गुऱ्हाळं होती. त्यातलं एक अण्णांचं. हे सरपंचांचे चुलत भाऊ. त्यांच्या चुलाणापासून ओढा ओलांडला की बुद्धविहारामागची वस्ती. संगीताताईंचं घरकुल तिथंच, पहिलं.

संगीताताई गावच्या आशा. म्हणजे घरोघर फिरून गरोदर बाया, लसीकरण, तापखोकल्याचे पेशंट यांची नोंद ठेवणारी आरोग्य खात्याची बाई. ती त्याच गावात राहणारी असावी लागते, असा नियम आहे. त्यांची मुलगी आर्या तिसरीत होती. तिला दमा. दम्याचा पंप कंपासपेटीबरोबर दप्तरात असायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ताईंना सरळ सांगितलं होतं, एक तर धूर बंद करा, नाही तर पोरीला तिथून हलवा. हलवायचं म्हणजे गाव सोडायचं, आणि गाव सोडलं की आशाचं काम गेलं. म्हणून बाई सभेत उभी राहिली होती.

आणि काय उभी राहिली! हातात नोंदवही.

“ह्या वहीत खोकल्याचे पेशंट हायती. माझ्या वस्तीतले हायती तसे वरच्या आळीतले बी हायती,” त्या म्हणाल्या. “आबा, तुमच्या आईचं नाव दुसऱ्या पानावर हाय. वाचू का?”

आबा म्हणजे सरपंच. तोंड उघडून बसले होते ते त्यांनी मिटलं.

“चुलाणात चपला जाळायच्या बंद करा. एवढाच माझा ठराव हाय. लिहा.”

झालं! विरोधी पॅनेलचे बापू ताडकन उठले. “लिहा, लिहा! सत्तेतल्या लोकांचं गुऱ्हाळ हाय म्हणून काय विष पाजताय व्हय गावाला?” मागून कुणीतरी ओरडलं, “हे बापूनंच बाईला पढवून आणलंय.” दुसरा म्हणाला, “वस्तीचं काय असंल ते वस्तीत बघा, गावाच्या सभेत कशाला?” त्यावर वस्तीतली पोरं उठली. निवडणूक सहा महिन्यांवर. बाह्या वर झाल्या.

माझी नोकरी तेहतीस वर्षांची. माझ्या सभेत कधी खुर्ची उचलली गेली नाही, याचा मला कोण अभिमान! मी उठून हात जोडले. “चहा घेऊ. पंधरा मिनिटं सभा थांबवू. विषय चांगला आहे, राजकारण नको.”

राजकारण नको. हे दोन शब्द मी नोकरीत किती वेळा म्हटले असतील, देव जाणे. ते म्हटले की आपण फार शहाणे आहोत असं वाटतं.

ऑफिसात आबा आणि बापू समोरासमोर बसले. मी मध्ये. म्हटलं, “धूर काय पॅनेल बघून नाकात जातो का? हा गावाचा विषय आहे. सूचक आबा, अनुमोदक बापू. दोन्ही पॅनेल मिळून ठराव. सर्वानुमते.”

आबा म्हणाले, “माझी हरकत न्हाई. पर कुणाच्या गुऱ्हाळाचं नाव नगं. चपला-बिपला बी नगं लिहायला. भावकीत तोंड दाखवायचंय मला.”

मला वाटलं, आता बापू उसळतील. बापू चहा फुंकत म्हणाले, “व्हय, नाव कशाला कुणाचं? मोघम लिहा. गावची एकी महत्त्वाची.”

मी खूश. मला वाटलं, काय गोडीगुलाबीनं पटवलं आपण! अरे मूर्खा, दुसरं गुऱ्हाळ बापूंच्या सख्ख्या मेव्हण्याचं होतं, आणि दोन्ही गुऱ्हाळांच्या घरपट्टीची पावती तूच फाडत होतास. दोघांच्याही चुलाणात तेच जळत होतं. हे मला माहीत होतं. फक्त त्या पंधरा मिनिटांत ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण येऊ द्यायचं नव्हतं.

मग मी बाहेर आलो. ताई नळापाशी एकट्याच उभ्या होत्या.

“ताई, तुमचं नाव सूचकात नको.”

“का वं?”

“तुमचं नाव आलं की विषय वस्तीचा होतो. नाव नसलं की गावाचा होतो. उद्या कोण काय म्हणेल, तुमच्यावर कशाला? शिवाय तुमचं काम सगळ्या घरांत आहे. वाईटपणा कशाला घेता?”

त्यांनी नळ घट्ट बंद केला. “आन् गावाचा झाला म्हंजी काम व्हईल?”

“होईल. माझा शब्द.”

“मग ऱ्हाऊ द्या माझं नाव,” त्या म्हणाल्या. “मला नावाचं काय करायचंय? पोरीला श्वास घेता आला म्हंजी झालं.”

मी बाईला सांभाळून घेतोय, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत होतं. आज विचार करतो तेव्हा कळतं, वरच्या आळीच्या कुणा माणसानं ती पिशवी उपडी केली असती तर त्याला मी असं नळापाशी गाठून गप्प केलं नसतं. मीही माझ्या गावात वरच्याच आळीचा. हे कबूल करायला मला निवृत्त व्हावं लागलं.

ठराव मी झकास लिहिला. ‘गावातील वाढते प्रदूषण व हवामान बदल विचारात घेता पर्यावरण संवर्धन, वृक्षलागवड व जनजागृती करण्यात यावी. ठराव सर्वानुमते मंजूर.’ हवामान बदल हा शब्द नुकत्याच आलेल्या एका परिपत्रकातून उचललेला. वाचताना किती भारदस्त वाटतं! ताईंचं नाव तर नव्हतंच. अण्णाही नव्हते, गुऱ्हाळ नव्हतं, चप्पल नव्हती. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात ओढ्याकाठी दोन्ही पॅनेलनी मिळून रोपं लावली, फोटो काढले, आणि प्रत्येकानं आपापला फ्लेक्स लावला. मागं धुराडं दिसत होतं. फोटोत ते कापलं.

आमचे विस्तार अधिकारी, म्हणजे माझे तालुक्याचे साहेब, ठराव वाचून म्हणाले, “वा! सुंठीवाचून खोकला गेला की.”

साहेब बोलायला म्हणून बोलले. वस्तीतला खोकला होता तिथंच होता.

ठरावाची प्रत मी प्रदूषणाच्या ऑफिसला पाठवली होती. तेवढा शब्द पाळला. पावसाळा सरला, दिवाळी झाली, आणि डिसेंबरात तिथून पाहणीचं पत्र आलं. पत्र सरपंचांच्या नावे, दिवस आणि वेळ घालून. असंच येतं. त्यामुळं अधिकारी मॅडम आल्या त्या दिवशी अण्णांचं गुऱ्हाळ पाहुणे यायच्या घरासारखं स्वच्छ झाडलेलं होतं. राखेच्या खड्ड्यावर ताजी माती. चुलाणात जळण घालणारा कामगार उत्तर प्रदेशातला. मॅडमनी त्याला विचारलं, “क्या जलाते हो?”

“आज तो खोई ही है, मॅडम,” तो म्हणाला. खोई म्हणजे चिपाड.

“आज?” मॅडम म्हणाल्या.

अण्णा घाईनं हसले. “रोजच वो मॅडम. त्याला मराठी येत न्हाई.”

मॅडमनी हिंदीत विचारलं होतं आणि तो हिंदीत बोलला होता. पण जाऊ द्या.

मॅडम वयानं लहान, पण हुशार. सगळं त्यांच्या ध्यानात आलं होतं. आम्ही पंचायतीच्या ऑफिसात येऊन बसलो. ठरावाची प्रत त्यांनी टेबलावर ठेवली. “सूचक सरपंच. तुमची नेमकी तक्रार काय आहे?”

“तक्रार कसली मॅडम?” आबा म्हणाले. “आमचा जनजागृतीचा ठराव हाय.”

“अनुमोदक?”

“त्येच,” बापू म्हणाले. “झाडं लावली की आम्ही. दावू का?”

मॅडमनी कपाळ चोळलं. मग माझ्याकडं वळल्या. “ग्रामसेवक, ह्या ठरावात जागा नाही, इंधन नाही, माणूस नाही. मी कशावर पुढं जाऊ? ग्रामपंचायतीच्या रेकॉर्डवर एक तक्रारदार दाखवा. एका नावावर मी पुन्हा येईन, न कळवता येईन.”

दारात संगीताताई उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आत आल्या. “मी हाय तक्रारदार. दोन ऑक्टोबरला मीच विषय मांडला. सगळ्यांसमोर.”

आबा शांतपणे म्हणाले, “मॅडम, ह्या बाई सभेला हजर व्हत्या. हजेरीवर सही हाय त्यांची. ठराव सर्वानुमते झालाय, म्हंजी त्यांचं बी मत त्यात आलं. तवा काय बोलल्या न्हाईत, आन् आता निवडणुकीच्या तोंडावर कुणाच्या सांगण्यावरनं बोलत्यात, ते तुम्ही बघा.”

मॅडमनी मला विचारलं, “ग्रामसेवक, त्या सभेत ह्यांनी हा विषय मांडला होता का?”

बघा, प्रश्न किती सोपा! पहिलीतलं पोर उत्तर देईल. पण ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग तुम्ही खोटं इतिवृत्त लिहिलंत का? खोटं इतिवृत्त म्हणजे चौकशी, सस्पेन्शन, अडकलेली पेन्शन. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

“तशी नोंद नाही, मॅडम,” मी म्हणालो.

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. सरकारी नोकरीत माणूस असंच खोटं बोलतो.

मॅडमनी ताईंचा जबाब लिहून घेतला, पण महिन्याभरात रिपोर्ट आला तो अपेक्षेप्रमाणंच. पाहणीत आक्षेपार्ह इंधन आढळून आले नाही, ग्रामपंचायतीच्या अभिलेखात तक्रारीची नोंद नाही, सबब प्रकरण बंद. प्रकरण बंद व्हायची वाटही कुणी बघितली नव्हती. मॅडमची गाडी डांबरीला लागली त्याच संध्याकाळी ओढ्यावरून काळा धूर आला.

जानेवारीत एक दिवस ताई ऑफिसात आल्या. मला वाटलं, आता बाई शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, सव्वीस जानेवारीच्या सभेत पहिला विषय काय असतो?”

“मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे.”

“त्यात दुरुस्ती करता येती ना?”

कुणी सुचवली तर करता येते. मागच्या सभेत झालं एक आणि लिहिलं गेलं दुसरं, तर पुढच्या सभेत ते सांगायचं, म्हणून तर तो विषय पहिला ठेवलेला असतो. पण माझ्या तेहतीस वर्षांत कुणी कधी दुरुस्ती सुचवली नव्हती. आम्ही ‘वाचून कायम’ असं एका दमात म्हणतो आणि पान उलटतो. ही बाई प्रत्येक सभेला शेवटपर्यंत बसायची, त्यामुळं तिला कायदा माझ्यापेक्षा जास्त पाठ झाला होता.

“मी दुरुस्ती मागणार हाय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फकस्त व्हय म्हणा. आर्याला परवा पुन्हा ॲडमिट केलं व्हतं. त्या मॅडम बोलल्या व्हत्या, एका नावावर येते म्हणून. माझं नाव घाला आन् मला कागद द्या. पुढचं मी बघते.”

“बघू,” मी म्हणालो.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटून झाली, सभा सुरू झाली. मी विषय क्रमांक एक वाचला. ताई उभ्या राहिल्या. शब्द स्वच्छ. “त्या ठरावात दुरुस्ती हाय. सूचक मी व्हते. आन् विषय चुलाणात चपला जाळायचा व्हता, झाडं लावायचा न्हाई.”

पटांगणात दोनशे माणसं असतील. त्यातल्या निम्म्यांनी तरी ऑक्टोबरात ते कानांनी ऐकलं होतं. एकही बोलला नाही. वस्तीतली पोरंही गप्प बसली होती. बऱ्याच जणांना ऊसतोडीची, गुऱ्हाळाची कामं त्याच दोन घरांत मिळत होती.

आबा म्हणाले, “आम्हाला काय बाई येवढं ध्यानात न्हाई. लिहिणारे हितंच बसल्यात. भाऊसाहेब, तुम्हीच सांगा. लिहिलंय ते बरोबर हाय का न्हाई?”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. ताईंनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, अजून विश्वासच होता, आणि त्याचीच मला आजही लाज वाटते.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. आणि कायम झालं.

ताई खाली बसल्या नाहीत. आल्या वाटेनं निघून गेल्या. मी पुढचा विषय वाचला.

आर्याची परीक्षा झाल्यावर ताईंनी आशाचा राजीनामा दिला आणि पोरीला घेऊन केडगावला गेल्या. स्टेशनजवळ एक खोली, आणि एका ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडं काम. घरकुलाला कुलूप. गावात जो तो म्हणायचा, “गेली ना? मग मिटलं.” निवडणूक झाली. बापू सरपंच झाले. चुलाणं दोन होती ती दोनच राहिली.

निवृत्तीनंतर पेन्शनच्या एका कागदासाठी मी दौंडला गेलो होतो. परतताना केडगावात उतरलो. काम काही नव्हतं. दुकान विचारत विचारत गेलो. ताई काजं करत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, स्टूल पुसून दिलं.

“आर्या कशी आहे?”

“बरी हाय की! शाळेत लंगडी खेळती. पंप आता फारसा लागतच न्हाई.” सांगताना बाईचा चेहरा फुलला. मला तिथं बसवेना. पोरगी बरी झाली म्हणजे डॉक्टरांचं बरोबर होतं, वहीतलं बरोबर होतं, त्या बोलल्या ते अक्षर न् अक्षर बरोबर होतं. बाकीची पोरं अजून त्याच वस्तीत होती, आणि सगळ्यांना काही केडगावात खोली मिळणार नव्हती.

“ताई, चुकलं माझं,” मी म्हणालो. “गावात भांडण होऊ नये म्हणून मी तुमचं नाव काढलं.”

त्यांनी सुईतला दोरा तोडला. “ठाव हाय. पर भांडण झालं असतं, तर काय झालं असतं वो भाऊसाहेब? चार डोकी फुटली असती, आन् मिटलं असतं. व्हऊ द्यायचं व्हतं.”

मी उठून स्टूल भिंतीला लावलं आणि निघालो.

आता शिरूरला घरी असतो. नव्यानं लागलेले ग्रामसेवक कधीमधी येतात, अनुभव विचारतात. मी एवढंच सांगतो: ज्यानं विषय मांडला त्याचं नाव तिथल्या तिथं, त्याच्या डोळ्यांसमोर, पक्क्या बुकात लिहा. जे शब्द तो बोलला तेच लिहा. गोंधळ झाला तर होऊ द्या. पोरं माना डोलावतात. बाहेर पडताना एकमेकांना म्हणतात, म्हातारा नियमाचा पक्का दिसतोय. मी पक्का असतो तर ती पोरगी आपल्या गावच्या शाळेत असती.